रील बनवायला एम.ए. कशाला? एका अभ्यासविषयाची पार्श्वभूमी

पदवीचं शेवटचं वर्ष सरत आलं की रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीकडच्या घरांमध्ये हा संवाद हल्ली ऐकू येतो. मुलगी म्हणते, सोशल मीडिया आणि डिजिटल संवाद या विषयात एम.ए. करायचंय. घरचे विचारतात, "रील बनवायला एम.ए. कशाला? शेजारचा दहावीतला पोरगाही बनवतो." प्रश्न रास्त आहे, आणि तो एकट्या कोकणाचा नाही. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम सिटी विद्यापीठाने सोशल मीडियावर एक वर्षाचा एम.ए. जाहीर केला, तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांतही हाच आक्षेप छापून आला होता: यातलं बहुतेक घरबसल्या शिकता येतं, मग फी कशाची? माहितीपत्रकं चाळून याचं उत्तर मिळत नाही. त्यासाठी हा विषय कुठून आला ते पाहावं लागतं. तसं पाहिलं तर त्याचं एक मूळ फेसबुकच्या जन्माआधी जवळपास पन्नास वर्षं, आपल्याच महाराष्ट्रात सापडतं.

मराठी पत्रकारितेचा आरंभ कोकणच्या माणसाच्या हातून झाला, हे आपण दर ६ जानेवारीला अभिमानाने सांगतो. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ साली 'दर्पण' काढलं. बाळशास्त्री स्वतः शिकवायचे, तरी पत्रकारिता हा वर्गात शिकायचा विषय व्हायला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षं गेली. लाहोरच्या पंजाब विद्यापीठात १९४१ मध्ये विभाग सुरू झाला, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ ला, दिल्लीत आयआयएमसी ही जनसंवाद शिकवणारी संस्था १९६५ ला. या सगळ्यांचा भर बातमी मिळवणं, तपासणं आणि नीट लिहिणं यावर होता. वाचणारा ती बातमी पुढे कोणाला सांगतो, कोणाच्या तोंडून आली तर खरी मानतो, हे प्रश्न दुसऱ्या दाराने आले.

ते दार उघडलं समाजशास्त्रज्ञांनी. १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीत मतदारांच्या पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या. रेडिओ आणि वर्तमानपत्रं थेट मतं फिरवतात, असा तेव्हाचा समज होता. प्रत्यक्षात लोकांवर जास्त प्रभाव पडत होता तो ओळखीच्या माणसांचा. गावातली काही माणसं वाचत, ऐकत आणि आपल्या शब्दांत इतरांना सांगत. माध्यमातून माणसाकडे आणि त्या माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे, अशा दोन टप्प्यांच्या प्रवाहाची ही मांडणी आजही संवादशास्त्राच्या पहिल्या सत्रात शिकवली जाते. कोकणातल्या विद्यार्थ्याला ती समजावून सांगायला अमेरिकेपर्यंत जावंच लागत नाही.

त्याच वर्तुळातले पॉल न्यूराथ पन्नासच्या दशकात मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आले. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतल्या १५० गावांमध्ये शेतकऱ्यांचे श्रोतामंच उभे केले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा, दहा आठवडे. मंडळी एकत्र बसून तो ऐकायची, त्यावर बोलायची, मग एकजण चर्चेचा वृत्तांत आणि प्रश्न लिहून पुण्याला पाठवायचा. त्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत दिली जायची. तुलनेसाठी मंच नसलेली गावंही घेतली होती. ज्या गावांत ऐकून चर्चा झाली तिथे लोकांच्या माहितीत स्पष्ट भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेवढी पडली नाही. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. ऐकणारा उलट बोलतो, त्याचं बोलणं केंद्रापर्यंत पोहोचतं आणि संशोधक बाजूला बसून हे सगळं नोंदवतो: सोशल मीडियाच्या अभ्यासाला लागणारं जवळपास सगळं तिथे होतं. पुढे १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून २,४०० गावांत टीव्ही दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला, त्याचंही असंच मूल्यमापन झालं. मात्र त्यासाठी निवडलेल्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, आणि रेडिओचे जिल्हे सगळे घाटावरचे. कोकण दोन्ही वेळा बाहेर राहिलं.

खरं तर अभ्यासायला सगळ्यात जास्त होतं ते इथेच. घरचा कर्ता पुरुष मुंबईत गिरणीत, गोदीत किंवा भावाच्या खानावळीत, राहायला गावकीची खोली, आणि बायकामुलं गावाला, हे कोकणाचं कित्येक पिढ्यांचं जगणं. मनीऑर्डरवर चालणारा मुलूख म्हणून आपली ओळख झाली. त्या मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली चार ओळी लिहायला जागा असायची. पैशांबरोबर तेवढाच निरोप: बैल विकू नका, आईला डॉक्टरला दाखवा, शिमग्याला येतो. वाचता येत नसेल तर पोस्टमन किंवा शाळेतले गुरुजी वाचून दाखवायचे, म्हणजे खाजगी निरोप वाडीभर होत असे. उलट दिशेने गावची बातमी मुंबईच्या ग्रामस्थ मंडळात पोहोचायची आणि देवळाच्या जीर्णोद्धाराचा निर्णय परळच्या चाळीत व्हायचा. लाझार्सफेल्डना जे ईरीत मोजावं लागलं ते आपल्याकडे रोज घडत होतं. या स्थलांतराचा हिशेब प्रामुख्याने पैशांच्या अंगाने मांडला गेला. निरोप कसे फिरत, वाटेत त्यांचं काय होई, याकडे कमी लक्ष गेलं. आता तार २०१३ मध्ये बंद झाली, जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ मध्ये. ती कामं वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाने उचलली आहेत आणि त्या गटात निम्मे सदस्य बोरिवली, विरार, दिव्याला राहतात.

दरम्यान बाहेर हा विषय झपाट्याने आकार घेत होता. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांना इंटरनेट दिलं. त्याच वर्षी संगणकाद्वारे होणाऱ्या संवादाला वाहिलेलं एक संशोधन नियतकालिक अमेरिकेत सुरू झालं, आणि १९९९ मध्ये इंटरनेट संशोधकांची आंतरराष्ट्रीय संघटना. २००७ मध्ये डॅना बॉइड आणि निकोल एलिसन यांनी सोशल नेटवर्क साइट कशाला म्हणावं याची मांडणी केली: स्वतःचं प्रोफाइल, ओळखीच्यांची यादी, आणि आपल्या व इतरांच्या याद्यांमधून फिरण्याची सोय. पुढच्या असंख्य प्रबंधांचं पहिलं पान याच लेखाने भरलं. तेव्हा आपल्याकडे ऑर्कुटचे दिवस होते. मुंबई विद्यापीठाने २००० मध्ये बीएमएम ही माध्यमांची पदवी सुरू केली होती. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची महाविद्यालयं याच विद्यापीठाची, त्यामुळे माध्यमांचं पदवी शिक्षण हळूहळू कोकणातही उतरलं. २०१९ मध्ये या पदवीचं नाव आणि रूप बदलून बीएएमएमसी झालं. पदव्युत्तर शिक्षणासाठी मात्र बहुतेकांना आजही मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर गाठावं लागतं.

पहिल्या लाटेतल्या अभ्यासकांकडे माहितीचा पूर आला होता. ट्विटरवरचे लाखो संदेश उतरवून घ्यायचे आणि मोजायचे, असा तो काळ. त्याला दोन धक्के बसले. २०१४ मध्ये उघड झालं की फेसबुकने ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या फीडमधल्या आनंदी आणि दुःखी मजकुराचं प्रमाण बदलून त्यांच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो ते तपासलं होतं, आणि त्या माणसांना याचा पत्ताही नव्हता. २०१८ मध्ये फेसबुकवरच्या लोकांची माहिती परवानगीशिवाय राजकीय प्रचारासाठी वापरल्याचं केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण बाहेर आलं आणि कंपन्यांनी संशोधकांसाठीची दारं ओढून घेतली. २०२३ मध्ये ट्विटरवरचे संदेश उतरवून घेण्याची मोफत सोय संपली. फेसबुकवरचा सार्वजनिक मजकूर शोधायला पत्रकार आणि अभ्यासक वापरत ते क्राउडटँगल ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झालं. ज्या विभागांनी सगळा अभ्यासक्रम अशा साधनांवर उभा केला होता त्यांची पंचाईत झाली.

आपल्याकडे तसाही त्या साधनांचा उपयोग मर्यादितच होता, कारण आपली माणसं बोलतात व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि ते बाहेरून वाचता येत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. महाराष्ट्राला हादरवणाऱ्या त्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणायला घेतली. २०१९ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी महाराष्ट्रासह चार राज्यांत लोकांना भेटून केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना मोबाइल नीट कळत नाही म्हणून अफवा पसरतात, हे सोपं स्पष्टीकरण त्यात टिकलं नाही. संदेश कोणाकडून आला आणि मनात कोणाविषयी आधीच आकस आहे, याला जास्त वजन होतं. त्याआधी लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजच्या नऊ मानववंश अभ्यासकांनी जगभरातल्या वेगवेगळ्या गावांत प्रत्येकी पंधरा महिने राहून सोशल मीडियाचा अभ्यास केला होता. त्यातलं एक ठिकाण चेन्नईजवळचं. म्हणजे फिरून पुन्हा १९५६ ची पद्धत: गावात जा, बसा, ऐका, विचारा. आणि इथे कोकणातल्या विद्यार्थ्यांचं पारडं जड आहे. त्यांना वाडीत शिरायला ओळखपत्र लागत नाही.

विषय तर दारात आहेत. केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल आल्यानंतर १९९७ ते २००१ या काळात तारलीच्या बाजारात काय झालं, याचा रॉबर्ट जेन्सन यांचा अभ्यास २००७ मध्ये आला. होडीतूनच फोन करून कुठल्या बंदरात भाव आहे हे कळू लागल्यावर बंदराबंदरांतली भावाची तफावत घटली आणि मासळी फेकून देण्याची वेळ जवळपास संपली. हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावात किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आज फोनमुळे भाव कोणाला आधी कळतो, बोटमालकाला, दलालाला की टोपली घेऊन बसणाऱ्या मावशीला? समुद्राची माहिती देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेकडून मासळी कुठे मिळेल याचे अंदाज येतात, ते खलाशापर्यंत कोणाच्या हातून पोहोचतात? यातला एकेक प्रश्न एका प्रबंधाला पुरेल.

आणि आपत्तीचा विषय तर कोकणानेच शिकवायला हवा. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली, आणि ही बातमी मुंबईत पोहोचायला कित्येक तास लागले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड आणि दापोली-मंडणगड भागात वीज गेली, मोबाइल मुके झाले, आणि मुंबईतले नातेवाईक दिवसचे दिवस घरच्यांचा आवाज ऐकू शकले नाहीत. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हाही तेच. डिजिटल संवाद शिकवताना नेटवर्क गृहीत धरलं जातं. ते नसताना निरोप कसा जातो, कोण पायी चालत जाऊन रेंज मिळेल त्या सड्यावरून फोन करतो, आणि तोवर गटात फिरणारे जुने व्हिडिओ किती घबराट माजवतात, हे अभ्यासक्रमात हवंच.

सध्याच्या रचनेत त्याला जागा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८८ क्रेडिटची झाली. पहिल्या सत्रात संशोधन पद्धती, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा क्षेत्र प्रकल्प, आणि शेवटच्या दोन सत्रांत मिळून दहा क्रेडिटचा संशोधन प्रकल्प. प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट परीक्षेच्या जनसंवाद विषयातही माहिती तंत्रज्ञान आणि माध्यमं यांना एक स्वतंत्र घटक आहे, संवाद संशोधनाला दुसरा. काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. संस्था जाहिरात करतात ब्रँड, फॉलोअर आणि नोकरीची, आणि क्षेत्र प्रकल्प म्हणजे एखाद्या रिसॉर्टचं इन्स्टाग्राम पान सांभाळणं असं होऊन बसतं. तो अनुभव पोटापाण्याला उपयोगी आहे, त्याला नाक मुरडू नये. पण तेवढ्यासाठी दोन वर्षं लागत नाहीत, आणि घरच्यांचा तो सुरुवातीचा प्रश्न मग खरा ठरतो.

गटाचा अभ्यास करायचा तर एक पेच आधी सोडवावा लागतो. वाडीच्या गटात साठ माणसं असतील, तर अ‍ॅडमिनने हो म्हटलं म्हणजे सगळ्यांचं हो झालं का? २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात संशोधनासाठी सूट आहे, पण ठरवून दिलेली मानकं पाळण्याच्या आणि त्या माहितीवरून कुणा एका माणसाबद्दल निर्णय न घेण्याच्या अटीवर. फेसबुकच्या त्या प्रयोगात जे झालं ते गावात झालं तर गाव विसरत नाही. विद्यार्थिनीला तिथेच गणपतीला जायचं असतं. म्हणून कायद्यापेक्षा एक पाऊल पुढे जावं, असं माझं ठाम मत आहे. आपण अभ्यास करतोय हे गटात साध्या मराठीत किंवा मालवणीत आधी लिहावं, आईवडील गटात असतील तर त्यांना समोर बसून सांगावं, नावं आणि नंबर टिपणात येऊ देऊ नयेत, आणि ज्याने नको म्हटलं त्याचे संदेश, ते कितीही कामाचे असले तरी, वगळावेत.