लिनक्स लॅपटॉपवर वाय-फाय रडतखडत चालतेय? आधी हे तपासून पाहा

मोबाइलवर व्हिडिओ न अडकता चालतो, पण त्याच टेबलावरच्या लॅपटॉपवर साधे पान उघडायला अर्धा मिनिट लागतो. ही तक्रार आमच्याकडे नेहमी येते आणि तिच्या पाठोपाठ एक प्रश्नही येतो : ‘लिनक्स काढून टाकावे का?’ काढण्याआधी हे पत्रक वाचा. वाय-फाय संथ होण्याची कारणे बहुतेक वेळा साधी असतात आणि त्यातली बरीचशी तुम्हाला घरबसल्या दूर करता येतात.

पत्रकातल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या आणि शब्दांमधली मोकळी जागा तशीच ठेवायची.

आधी दुखणे कुठे आहे ते शोधा

इंटरनेट तुमच्यापर्यंत दोन टप्प्यांत पोहोचते : बाहेरून राउटरपर्यंत आणि राउटरपासून लॅपटॉपपर्यंत. अडचण पहिल्या टप्प्यात असेल, तर लॅपटॉपवर काहीही केले तरी ते आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असेच ठरेल. म्हणून शक्य असेल तर लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा आणि वेग मोजा. केबलवरही वेग तेवढाच कमी असेल, तर लॅपटॉप निर्दोष आहे. अशा वेळी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीशी बोला.

केबल नसली तर ‘आयपी रूट’ ही आज्ञा द्या. ‘डिफॉल्ट व्हाया’ या शब्दांपुढचा आकडा हा राउटरचा पत्ता. ‘पिंग’ लिहून पुढे तो पत्ता द्या आणि मिनिटभर नुसते पाहत राहा. जवळच्या राउटरकडून उत्तर साधारणपणे काही मिलिसेकंदांत यायला हवे. आकडा मध्येच ३, मध्येच १८०, मग पुन्हा ४ असा उड्या मारत असेल किंवा काही उत्तरे येतच नसतील, तर घोळ वायरलेस टप्प्यातच आहे. पुढचा मजकूर मुख्यतः त्यासाठीच आहे.

इथे एका गैरसमजाबद्दल सांगायला हवे. वेग मोजणारी पाने मेगाबिटमध्ये आकडा देतात, तर फाइल उतरवताना दिसणारा वेग बहुधा मेगाबाइटमध्ये असतो. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, त्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडणीवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइटने उतरेल. तो दोष नाही.

तीन आकडे, ज्यांवरून बरेच काही कळते

‘आयडब्ल्यू डेव्ह’ ही आज्ञा दिली की वाय-फाय कार्डाचे लिनक्सने ठेवलेले नाव दिसते. बहुधा ते ‘डब्ल्यूएलपी२एस०’ किंवा ‘डब्ल्यूएलएएन०’ अशा धर्तीचे असते. मग एखादी मोठी फाइल उतरवायला लावा आणि ती उतरत असतानाच ‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० लिंक’ ही आज्ञा द्या (नाव तुमच्या कार्डाचे घालून). लॅपटॉप रिकामा असताना हे आकडे फसवे असतात. काहीच काम नसेल तर वेग ६ मेगाबिटही दिसू शकतो आणि माणूस उगाच घाबरतो.

‘सिग्नल’पुढचा आकडा डेसिबलच्या मापात (डीबीएम) आणि उणे असतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत ठीक. उणे ८० च्या आसपास गेला, तर जोडणी जेमतेम तग धरून आहे असे समजा. ३ डेसिबलचा फरक म्हणजे सिग्नलची शक्ती अर्धी किंवा दुप्पट, म्हणून मधली एखादी भिंत किंवा लोखंडी कपाट बराच फरक पाडते. राउटर कपाटात किंवा टीव्हीच्या मागे कोंबलेला असेल, तर तो आधी मोकळ्या, उंच जागी आणा. हा उपाय फुकटचा असल्यामुळे लोक त्याला किंमत देत नाहीत, पण आम्ही तो सर्वांत आधी सुचवतो.

‘फ्रिक्वेन्सी’ २४ ने सुरू होत असेल, तर तुम्ही २.४ गिगाहर्ट्झवर आहात. हा पट्टा लांबवर पोहोचतो, पण त्यात फार गर्दी असते. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे तिथेच. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा बराच मोकळा आणि वेगवान असतो, फक्त भिंती ओलांडताना तो लवकर थकतो. दोन्ही पट्ट्यांना राउटरने एकच नाव दिले असेल, तर लॅपटॉप कधीकधी २.४ लाच चिकटून राहतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावे द्या आणि जवळ बसत असाल तेव्हा ५ ची जोडणी निवडा. २.४ वरच राहणे भाग असेल, तर राउटरचा चॅनेल १, ६ किंवा ११ ठेवा. २० मेगाहर्ट्झच्या रुंदीत हे तीन एकमेकांच्या पायात येत नाहीत.

तिसरा आकडा ‘बिटरेट’. प्रत्यक्ष वेग याच्या साधारण अर्ध्या ते दोनतृतीयांश इतकाच मिळतो, तेव्हा ८६६ दिसले म्हणून ८६६ ची अपेक्षा धरू नका. पण इथे आकडा ५४ वर अडकला असेल आणि काही केल्या वर जात नसेल, तर थांबा. ५४ हा जुन्या पिढीच्या वाय-फायचा कमाल वेग आहे. आधुनिक कार्ड त्याच्यावर जात नसेल, तर त्याला कोणीतरी रोखून धरले आहे.

रोखणारे दोघे नेहमीचे. एक म्हणजे राउटरची जुनी सुरक्षा. वेप किंवा टीकेआयपी लावलेले असेल, तर वाय-फायच्या नियमांनुसारच ५४ च्या वरचे वेग वापरता येत नाहीत. राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ आणि एईएस किंवा डब्ल्यूपीए३ निवडा. तशीही ती जुनी सुरक्षा आज भरवशाची राहिलेली नाही. दुसरा म्हणजे इंटरनेटवरून उचललेला जुना उपाय. आमच्याकडे आलेल्या एका लॅपटॉपवर ‘ईटीसी’तल्या ‘मॉडप्रोब डॉट डी’ फोल्डरात एक ओळीची फाइल सापडली. इंटेलच्या ‘आयडब्ल्यूएल-वायफाय’ ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला, वेगवान पद्धत बंद ठेवायला सांगणारा ‘११एन डिसेबल’ हा पर्याय तिथे १ करून ठेवलेला होता. कधीकाळी वाय-फाय तुटत होते म्हणून मालकाने तो उपाय केला होता आणि नंतर तो विसरून गेला. ती ओळ काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला आणि बिटरेट चारशेच्या पुढे गेला. म्हणून कळकळीने सांगतो, अनोळखी आज्ञा चिकटवण्याआधी ती काय करते ते वाचा आणि केलेला बदल तारखेसह कुठेतरी लिहून ठेवा.

वीज वाचवण्याची सवय

पिंगचे आकडे उड्या मारत असतील, तर आमचा पहिला संशय विजेच्या बचतीवर असतो. बॅटरी टिकावी म्हणून वाय-फाय कार्ड क्षणभर डुलकी घेते आणि राउटर तेवढा वेळ तुमचा मजकूर अडवून ठेवतो. बहुतेक कार्डांना हे नीट जमते, पण काही कार्ड-राउटर जोड्यांचे एकमेकांशी पटत नाही. मग कॉलवर आवाज तुटतो, टर्मिनलमधून दूरच्या संगणकावर काम करताना अक्षरे थांबून थांबून उमटतात.

‘आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० गेट पॉवर_सेव्ह’ असे विचारा. उत्तर ‘ऑन’ आले, तर ‘सुडो आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० सेट पॉवर_सेव्ह ऑफ’ द्या (‘सुडो’ म्हणजे ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणे) आणि लगेच पुन्हा पिंग करून पाहा. फरक पडला तर कारण सापडले. मात्र लॅपटॉप पुन्हा सुरू केला की हा बदल पुसला जातो. तो कायम ठेवण्यासाठी ‘ईटीसी’मधल्या ‘नेटवर्कमॅनेजर’च्या ‘कॉन्फ डॉट डी’ फोल्डरात पाहा. उबुंटूमध्ये तिथे ‘डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन’ नावाची फाइल असते आणि तिच्यात ‘वायफाय डॉट पॉवरसेव्ह’ची किंमत ३ असते. ती २ करा. ३ म्हणजे बचत चालू आणि २ म्हणजे बंद. आकडे विचित्र वाटतात, पण तसेच आहेत. बॅटरी थोडी लवकर उतरेल, हे ध्यानात ठेवा.

हेडफोन आणि बाहेरची डिस्क

ब्लूटूथ हेडफोन लावल्यावरच वेग पडतो का, हे आवर्जून पाहा. बहुतेक लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ आणि वाय-फाय एकाच कार्डावर असतात आणि २.४ गिगाहर्ट्झवर त्यांना आळीपाळीने बोलावे लागते. ५ गिगाहर्ट्झवर गेलात की ही ओढाताण बहुधा संपते. यूएसबी ३ च्या डिस्क आणि त्यांच्या केबलीही २.४ च्या पट्ट्यात गोंगाट सोडतात. डिस्क काढून पाहा किंवा लांब केबलने दूर ठेवा.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर

‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा कार्डाचे नाव आणि त्याचा ड्रायव्हर दाखवते. ‘सुडो डीएमईएसजी’ने दाखवलेल्या मजकुरात ‘फर्मवेअर’ (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) या शब्दाजवळ ‘फेल्ड’ दिसले, तर कार्डाला लागणारी फाइलच सापडत नाही असा अर्थ. ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे पॅकेज अद्ययावत करा. लिनक्सच्या काही वितरणांत (उबुंटूसारख्या आवृत्त्यांत) ते वेगळ्या नावाने किंवा तुकड्यांत मिळते. कार्ड नवे आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) जुना, हीसुद्धा नेहमीची अडचण. उदाहरणार्थ, रिअलटेकच्या नव्या कार्डांसाठीचा ‘आरटीडब्ल्यू८९’ ड्रायव्हर कर्नल ५.१६ पासून आला. याउलट अपडेटनंतरच त्रास सुरू झाला असेल, तर सुरुवातीच्या मेनूतून आधीचा कर्नल निवडून तुलना करा.

फाइल वेगाने उतरते, पण प्रत्येक नवे पान सुरू व्हायलाच वेळ घेते, असे असेल तर वाय-फायला दोष देऊ नका. तो डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याचा उशीर आहे. नेटवर्क सेटिंगमध्ये दुसरा डीएनएस देऊन पाहा.

हे मात्र आमच्याकडे आणा

राउटरच्या अगदी शेजारी बसूनही सिग्नल उणे ७५ किंवा त्याहून वाईट येत असेल आणि लॅपटॉप नुकताच बॅटरी किंवा डिस्क बदलण्यासाठी उघडला गेला असेल, तर आतली अँटेनाची तार निसटलेली असू शकते. कार्डावर तांदळाच्या दाण्याहून लहान अशा गोल खुंट्या असतात आणि त्यांवर काळी व पांढरी बारीक तार शर्टाच्या प्रेस बटणासारखी बसते. जरा धक्का लागला तरी ती उचकटते. ती दाबताना तिरकी गेली, तर खुंटी मोडते आणि कार्डच बदलावे लागते. सवय नसेल तर हे काम घरी करू नका.

येताना ‘आयडब्ल्यू’ने दाखवलेले तीन आकडे, ‘यूनेम -आर’ने दाखवलेला कर्नलचा क्रमांक आणि राउटरचे मॉडेल लिहून आणा. आतापर्यंत काय काय बदलून पाहिले, तेही लिहा, बदल चुकीचे वाटत असले तरीही. घरच्या वाय-फायचा पासवर्ड आम्हाला देऊ नका. तपासणी आम्ही आमच्या राउटरवर करतो.