रिकी (एल.पी., १९५७)

अमेरिकन गायक व अभिनेता रिकी नेल्सन (८ मे १९४० – ३१ डिसेंबर १९८५) याची पहिली एल.पी. (दीर्घवादनाची) तबकडी. लॉस अँजेलिसच्या इंपीरियल रेकॉर्ड्स या कंपनीने ती नोव्हेंबर १९५७ मध्ये बाजारात आणली. जानेवारी १९५८ मध्ये ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या खपाच्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर गेली. त्या वेळी नेल्सन १७ वर्षांचा होता. दूरचित्रवाणीवर घरोघरी ठाऊक झालेला मुलगा रॉक अँड रोलकडे वळला, त्या वळणाचा हा सर्वांत भरीव पुरावा मानावा लागेल.

नेल्सनचे वडील ऑझी हे वाद्यवृंदाचे प्रमुख, तर आई हॅरिएट त्याच वाद्यवृंदात गात असे. ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ ऑझी अँड हॅरिएट’ ही कुटुंबाची विनोदी मालिका १९४४ पासून रेडिओवर व १९५२ पासून एबीसी दूरचित्रवाणीवर चालली. डेव्हिड व रिकी ही दोन्ही मुले १९४९ पासून तीत स्वतःच्याच भूमिका करीत. एल्व्हिस प्रेस्लीवर भाळलेल्या मैत्रिणीला ‘मीसुद्धा तबकडी काढतोय’ असे रिकीने सांगितले आणि मग ते खरे करून दाखवणे भाग पडले, अशी आख्यायिका सर्व चरित्रांत आढळते. ती खोटी ठरवण्याचे कारण नाही. मात्र १० एप्रिल १९५७ च्या भागात त्याने ‘आय’म वॉकिन’ गायले, यामागे ऑझींची योजकताही तितकीच होती, हे मत अधिक ग्राह्य वाटते. हे गाणे फॅट्स डॉमिनोचे. नेल्सनची तबकडी व्हर्व्ह या मुख्यतः जॅझसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने काढली, पण मानधनाच्या वादातून ते नाते तुटले. डॉमिनो ज्या इंपीरियलचा गायक होता, तिचेच मालक लू चड यांनी मग नेल्सनशी करार केला.

एल.पी.वर बारा गाणी आहेत आणि त्यांच्या निवडीत दोन पिढ्या स्पष्ट दिसतात. ‘बॉपिन द ब्लूज’ व ‘युअर ट्रू लव्ह’ ही रॉक अँड रोल गायक कार्ल पर्किन्सची, म्हणजे मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सची गाणी. पर्किन्स हा रिकीचा आवडता. ‘अ‍ॅम आय ब्लू’ हे १९२९ चे, एथेल वॉटर्सने गाजवलेले, तर ‘आय’म कन्फेसिन’ १९३० चे. ही दोन्ही ऑझींच्या तरुणपणातली. कोल पोर्टरचे ‘ट्रू लव्ह’ १९५६ मध्ये बिंग क्रॉस्बी व ग्रेस केली यांनी लोकप्रिय केले होते. ‘बी-बॉप बेबी’ व ‘हॅव आय टोल्ड यू लेटली दॅट आय लव्ह यू’ ही गाणी आधीच एकेरी तबकडीच्या दोन बाजूंवर खपत होती. नेल्सनचा आवाज लहान पल्ल्याचा आणि संथ. जुन्या गाण्यांत तो बिचकतो, पर्किन्सच्या गाण्यांत मात्र तोच संथपणा शोभून दिसतो.

याच एल.पी.वरील ‘होल लॉटा शेकिन गोइंग ऑन’ हे गाणे मुळात कोणी रचले, हे वादग्रस्त आहे. जेरी ली लुइसच्या १९५७ च्या तबकडीने ते सर्वतोमुखी झाले आणि नेल्सनने ते तिथूनच उचलले असावे. परंतु त्याचे ध्वनिमुद्रण गायिका बिग मेबेलने मार्च १९५५ मध्ये ओके कंपनीसाठी केले होते. त्या वेळी संयोजन क्विन्सी जोन्स यांचे होते. श्रेय डेव्ह ‘कर्ली’ विल्यम्स व सनी डेव्हिड यांच्या नावे दिले जाते. सनी डेव्हिड हे आपलेच टोपणनाव, असा दावा पियानोवादक रॉय हॉलने केला आणि १९५५ मध्येच त्याने स्वतःही ते गायले. गाण्याच्या रचनेत हॉलचा वाटा कितपत होता याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. विल्यम्सला मूळ रचनाकार मानणे त्यातल्या त्यात सुरक्षित.

दुसरा प्रश्न गिटारचा. त्या काळी लोकप्रिय संगीताच्या वेष्टनावर साथीदारांची नावे सहसा छापत नसत. नेल्सनचे नाव पुढे गिटारवादक जेम्स बर्टनशी इतके जोडले गेले, की या तबकडीतील गिटारही त्याचीच असे अनेक श्रोते गृहीत धरतात. कालक्रम मात्र त्याला अनुकूल नाही. बर्टन हा गायक बॉब लूमनच्या साथीदारांपैकी. नेल्सनसोबत त्याचे पहिले ध्वनिमुद्रण १९५७ च्या अखेरचे, ‘स्टूड अप’ व ‘वेटिन इन स्कूल’ या गाण्यांचे धरले जाते आणि त्यातही प्रमुख गिटार जो मॅफिसची, बर्टनची केवळ तालाची साथ होती, असे सांगितले जाते. मॅफिस हा दोन मानांच्या गिटारवर विलक्षण जलद वाजवणारा, ‘टाउन हॉल पार्टी’ या कार्यक्रमातून कॅलिफोर्नियात परिचित झालेला वादक. या एल.पी.वरील ‘इफ यू कॅन्ट रॉक मी’मधील गिटारचा तुकडा लक्ष देऊन ऐकावा. एकेक स्वर सुटा, टोकदार आणि घाईने येतो. तार ताणून स्वर वाकवण्याची बर्टनची पुढची लकब त्यात जाणवत नाही. त्यामुळे मॅफिसचा पक्ष बळकट दिसतो.

पुढची एल.पी. १९५८ च्या उन्हाळ्यात आली. ४ ऑगस्ट १९५८ रोजी ‘बिलबोर्ड’ने सुरू केलेल्या ‘हॉट १००’ या यादीत नेल्सनचे ‘पुअर लिटल फूल’ पहिल्याच आठवड्यात अग्रभागी होते. १९६१ मध्ये एकविसाव्या वर्षी त्याने ‘रिक’ हे नाव घेतले. १९८७ मध्ये त्याचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मरणोत्तर समावेश झाला.