पशुखाद्यातील जीवाणूंचा माग : अमेरिकेतील प्रयोगशाळांच्या जाळ्याची पार्श्वभूमी

मार्च २००७ मध्ये अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे सहा कोटींहून अधिक डबे व पाकिटे बाजारातून परत मागवावी लागली. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये (गव्हातील प्रथिनामध्ये) मेलामाइन हे प्लास्टिक बनवण्यासाठी वापरले जाणारे रसायन मिसळलेले होते आणि सायन्युरिक आम्लाशी संयोग होऊन त्याचे स्फटिक प्राण्यांच्या मूत्रपिंडांत साचत होते. हे संकट रासायनिक होते. तरीही जीवाणू-तपासणीच्या आजच्या व्यवस्थेचा उगम तिथेच शोधावा लागतो, कारण आजारी प्राणी आणि त्याचे खाद्य यांची एकत्र तपासणी करणारी यंत्रणाच नाही, हे तेव्हा उघड झाले.

तोपर्यंत प्रयोगशाळांची जाळी नव्हती असे नाही. लाळ्या-खुरकूत, बर्ड फ्लू अशा साथींसाठी कृषी विभागाने २००२ मध्ये राज्यांतील पशुरोगनिदान प्रयोगशाळा एकत्र आणल्या होत्या, आणि अन्नसंकटांसाठी वेगळे जाळे होते. मात्र पशुवैद्य शवविच्छेदनानंतर ऊती एकीकडे पाठवणार आणि उरलेली खाद्याची पिशवी तपासली तर दुसरीकडे तपासली जाणार, अशी ती विभागणी होती. संसदेने २००७ च्याच कायद्यात पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी पूर्वसूचना यंत्रणेची मागणी केली. पुढे २०१० मध्ये अन्न व औषध प्रशासनाच्या पशुवैद्यकीय केंद्राने ‘व्हेट-लर्न’ (Vet-LIRN, पशुवैद्यकीय प्रयोगशाळांचे तपास व प्रतिसाद जाळे) हे जाळे उभारले. राज्यांच्या आणि विद्यापीठांच्या पशुरोगनिदान प्रयोगशाळा त्यात सहभागी झाल्या. संशयित प्रकरणांतील चाचण्यांचा खर्च या जाळ्यातून होतो, ही तरतूद मला फार मोलाची वाटते. मालकाला खर्च परवडत नाही म्हणून पुरावा प्राण्याबरोबर पुरला जाण्याचा धोका तिने कमी होतो.

जीवाणूंचा प्रश्न प्राण्यांपुरता कधीच नव्हता. पेनसिल्व्हेनियातील एका कारखान्यात बनलेल्या कोरड्या श्वानखाद्यामुळे २००६-०७ मध्ये १९ राज्यांतील ७० माणसांना साल्मोनेला या जुलाब-ताप आणणाऱ्या जीवाणूच्या श्वार्झेनग्रुंड प्रकाराची बाधा झाली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती, आणि स्वयंपाकघरात प्राण्यांना खाऊ घालण्याशी आजाराचा संबंध आढळला. पुन्हा एप्रिल २०१२ मध्ये मिशिगनच्या कृषी विभागाला नेहमीच्या तपासणीत श्वानखाद्याच्या न उघडलेल्या पिशवीत साल्मोनेलाचा इन्फंटिस हा प्रकार सापडला. त्याचा जनुकीय ठसा रुग्णांकडून मिळालेल्या जीवाणूंशी जुळला आणि अमेरिका व कॅनडातील ४९ रुग्णांचा धागा एका कारखान्यापर्यंत पोहोचला. येथे आधी खाद्य सापडले आणि मग रुग्ण जुळले, हा क्रम महत्त्वाचा आहे. कच्च्या मांसाच्या खाद्याबाबतही असेच पुरावे पुढे आले : पशुवैद्यकीय केंद्राच्या पाहणीत अशा १९६ नमुन्यांपैकी १५ मध्ये साल्मोनेला, तर ३२ मध्ये लिस्टेरिया मोनोसायटोजीन्स हा माणसांनाही आजारी करणारा जीवाणू आढळला.

हा माग काढायचा तर प्राण्याच्या विष्ठेतून आणि खाद्यातून वेगळा केलेला जीवाणू एकच आहे का, हे खात्रीने सांगता यायला हवे. म्हणूनच संवर्धन (प्रयोगशाळेत जीवाणू वाढवणे) आणि प्रकारनिश्चितीच्या जुन्या पद्धतींना संपूर्ण जनुकक्रमवाचनाची, म्हणजे जीवाणूचा सगळा डीएनए वाचण्याची, जोड मिळाली. २०१७ पासून जाळ्यातील काही प्रयोगशाळा प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंचे जनुकक्रमही याच पद्धतीने वाचू लागल्या.

सगळेच जीवाणू अशा रीतीने हाती लागत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये लसूणघासाच्या दाबून केलेल्या वड्या खाऊन अनेक राज्यांत घोडे दगावले. यामागे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जीवाणू होता; त्याच्या सी प्रकाराचे विष अत्यल्प मात्रेतही घातक असते, आणि आजारी जनावरात ते सापडेलच असे नाही. त्यामुळे लक्षणे दिसताच उरलेले खाद्य जपून ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवणे हे उपचाराइतकेच तातडीचे काम ठरते.