जीपीएसडीओ: हौशी लोकांचं घरगुती फ्रिक्वेन्सी स्टँडर्ड

जीपीएसडीओ (जीपीएस डिसिप्लिन्ड ऑसिलेटर) म्हणजे जीपीएस उपग्रहांच्या वेळेला बांधून ठेवलेला क्वार्ट्झ ऑसिलेटर, म्हणजे क्वार्ट्झच्या क्रिस्टलवर ठरावीक फ्रिक्वेन्सी देणारं सर्किट. त्यातून बहुतेक वेळा १० मेगाहर्ट्झचा सिग्नल निघतो, तो फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या काउंटरला, सिग्नल जनरेटरला, रेडिओला दिला की टेबलावरची सगळी उपकरणं एकाच तालात चालतात. आधी ही वस्तू मोबाईल टॉवर आणि कॅलिब्रेशन लॅबपुरतीच होती, आता हॅम रेडिओवाले (लायसन्स घेऊन हौसेने रेडिओवर बोलणारे) आणि इलेक्ट्रॉनिक्सची हौस असलेले लोक घरीच बनवतात. नाशिकमध्ये गच्चीवर एक छोटी अँटेना आणि खोलीत एक गरम डबी, एवढ्यात भागतं.

गरज का पडते ते आधी बघू. साध्या क्रिस्टलची चूक २० ते ५० पीपीएम (दहा लाखात इतके भाग) असते, म्हणजे १० मेगाहर्ट्झवर २० पीपीएम धरले तरी २०० हर्ट्झ इकडे तिकडे. वर तापमानाचा खेळ वेगळाच. नाशिकच्या थंडीत पहाटे पारा १० च्या आसपास असतो आणि दुपारी ३० च्या जवळ जातो, त्यामुळे सकाळी काउंटर जे दाखवतो ते दुपारी दाखवत नाही आणि आपण उगाच सर्किटला दोष देत बसतो. टीसीएक्सओ या प्रकारच्या ऑसिलेटरमध्ये तापमानाची भरपाई केलेली असते, तो साधारण १ पीपीएमपर्यंत येतो. ओसीएक्सओमध्ये क्रिस्टल एका छोट्या ओव्हनमध्ये बसवून ७५-८५ अंशांच्या आसपास कायम गरम ठेवतात, तो त्याच्या कितीतरी पुढे. पण ओसीएक्सओसुद्धा म्हातारा होतो, महिन्यागणिक हळूहळू सरकतो, आणि कोणी सांगितल्याशिवाय ते कळत नाही.

ते सांगायचं काम जीपीएस करतं. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असतं, सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर. सापेक्षतावादामुळे तिथलं घड्याळ जमिनीपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतं, म्हणून त्याची मूळ फ्रिक्वेन्सी १०.२३ ऐवजी १०.२२९९९९९९५४३ मेगाहर्ट्झ अशी मुद्दाम कमी ठेवलेली असते. मला हा आकडा फार आवडतो, आइन्स्टाइनचं गणित आपल्या गच्चीपर्यंत येऊन पोचलंय याचा तो पुरावा आहे. २ मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळायची, ती बंद झाली आणि तेव्हापासून साध्या रिसीव्हरमधूनही चांगली वेळ मिळायला लागली.

आता खरी गोम. रिसीव्हर दर सेकंदाला एक पल्स देतो, त्याला १ पीपीएस म्हणतात, पण तो पल्स दरवेळी थोडा थरथरतो. निओ-६एम सारख्या स्वस्त जीपीएस मॉड्यूलमध्ये ही थरथर ३० नॅनोसेकंदांच्या आसपास असते. म्हणजे एका सेकंदाच्या मोजणीत १० कोटीत ३ भाग चूक, जी चांगल्या ओसीएक्सओपेक्षा हजारपटीने वाईट आहे. पण तेच १००० सेकंद मोजलं तर थरथर तेवढीच राहते आणि चूक १०० अब्जात ३ भागांवर येते. थोडक्यात, घाईच्या वेळात क्रिस्टलवर विश्वास ठेवायचा आणि लांबच्या हिशेबात उपग्रहावर, आणि एकाकडून दुसऱ्याकडे सूत्रं कधी द्यायची तो आकडा म्हणजे लूपचा, म्हणजे पल्सशी तुलना करून क्रिस्टलला सतत जागेवर आणणाऱ्या यंत्रणेचा, टाइम कॉन्स्टंट. तो छोटा ठेवला तर जीपीएसची थरथर क्रिस्टलमध्ये उतरते, फार मोठा ठेवला तर खोलीतल्या पंख्याच्या वाऱ्याने क्रिस्टल सरकतो आणि लूपला ते उशिरा कळतं. बरेच जण काही शे सेकंदांपासून सुरुवात करतात आणि मग आपल्या ओसीएक्सओच्या स्वभावाप्रमाणे वाढवत नेतात. माझ्या मते महागडा रिसीव्हर घेण्यापेक्षा ओसीएक्सओभोवती थर्माकोलचा डबा करणं आणि हा आकडा नीट बसवणं जास्त फळतं.

काही जण ही सगळी भानगड टाळून निओ-एम८एन या जीपीएस मॉड्यूलमधूनच थेट १० मेगाहर्ट्झ काढतात. निघतो, पण तो आतल्या ४८ मेगाहर्ट्झला भागून तयार होतो आणि ४८ ला १० ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून लाटा लहानमोठ्या पडतात. ८ मेगाहर्ट्झ घेतला तर बराच स्वच्छ मिळतो.

अँटेनासाठी गच्ची मोकळी पाहिजे, पाण्याची टाकी आणि पत्र्याची शेड शक्यतो लांब. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि जीपीएसच्या कक्षा ५५ अंशांनी कललेल्या, त्यामुळे नेमक्या उत्तरेला साधारण ४५ अंशांच्या खाली जीपीएसचे उपग्रह येतच नाहीत. टाकी कुठेतरी आडवी येणारच असेल तर ती अँटेनाच्या उत्तरेला येऊ द्यावी, दक्षिणेला नको. दुसरी अडचण लाईट जाण्याची. ओव्हन एकदा गार झाला की परत जागेवर यायला काही तास, जुना सरप्लस ओसीएक्सओ असेल तर काही दिवससुद्धा लागतात, म्हणून १२ व्होल्टची बॅटरी कायम जोडलेली बरी.

इथे सगळ्यात जास्त फायदा दिसतो तो क्यूओ-१०० वर. नोव्हेंबर २०१८ मध्ये सोडलेल्या एस-हेल-२ या भूस्थिर उपग्रहावरचा हा हॅम ट्रान्सपॉन्डर (खालून आलेला सिग्नल परत खाली पाठवणारं यंत्र), नाशिकहून पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे, साधारण ३२ अंश वर दिसतो. डाउनलिंक, म्हणजे उपग्रहाकडून खाली येणारा सिग्नल, १०,४८९.५ मेगाहर्ट्झपासून पुढे. ऐकायला घरच्या डिश टीव्हीसारखाच एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसवलेला रिसीव्हर) चालतो, पण त्याच्या आतला २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ३९० पट होऊन ९७५० होतो, म्हणजे क्रिस्टल १ पीपीएम हलला की आवाज जवळजवळ १० किलोहर्ट्झ सरकला. जानेवारीत ऊन उतरलं की ऐकत असलेला माणूस डोळ्यांदेखत वॉटरफॉलवर (सिग्नल रेघांसारखे दाखवणाऱ्या पडद्यावर) तिरका चालत जातो, बोलणं कळायच्या आत डायल फिरवावा लागतो. एलएनबी उघडून तो क्रिस्टल काढला आणि जीपीएसडीओवरून २५ मेगाहर्ट्झ केबलने वर पाठवला की तीच रेघ सरळ उभी राहते, रात्रभर. ऐकायला हे पुरे, बोलायचं असेल तर डब्ल्यूपीसी या केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाचं हॅम लायसन्स हवंच.

सामान जमवायला नाशिककर अजूनही सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठतात, मॉड्यूल मात्र ऑनलाइनच येतात. बंद झालेल्या सीडीएमए मोबाईल टॉवरमधले ट्रिम्बल थंडरबोल्ट आणि एचपीचे झेड३८०१ए हे तयार जीपीएसडीओ जगभर सरप्लसमध्ये फिरले, हौशी लोकांची सुरुवात बऱ्याच अंशी त्यांच्यामुळेच झाली.

आपला जीपीएसडीओ बरोबर आहे की नाही हे त्याच्यावरच्या हिरव्या दिव्यावरून ठरत नाही, त्यासाठी दुसरं, वेगळ्या जातीचं घड्याळ लागतं, बहुधा जुनं रुबिडियमचं अणुघड्याळ. दोन्हीचे १० मेगाहर्ट्झ स्कोपच्या (लाट पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या) दोन चॅनलला द्यायचे, एकावर ट्रिगर लावून ती लाट स्थिर धरायची, आणि दुसरी लाट किती वेळात एक पूर्ण फेरा सरकते ते बघायचं. फेरा १०० नॅनोसेकंदांचा, त्याला १००० सेकंद लागले तर दोघांत १० अब्जात एका भागाचा फरक आहे. नीट बसलेल्या जोडीत चहा पिऊन परत आलं तरी लाट तिथल्या तिथेच दिसते.