सहा सेकंदांचा डाव : ‘बाल्डर्स गेट’च्या पुनरागमनाची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ हा संगणकावरचा रोल-प्लेइंग गेम आला आणि सप्टेंबरात गणपती. चाकरमानी गावी आले, त्यांच्याबरोबर लॅपटॉपही आले. कुडाळजवळच्या आमच्या घरी रात्रीचं भजन आटोपल्यावर ओटीवर पहिली लढाई लागली आणि पाच मिनिटांत चुलतभाऊ उठून उभा राहिला. “ह्यो काय आमचो बाल्डर्स गेट नाय.” कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याला काका का चिडलाय तेच कळेना. पडद्यावर एक गोब्लिन, म्हणजे बुटका राक्षस, आपला डाव येण्याची वाट बघत उभा होता आणि काकाचा आक्षेप त्या उभं राहण्यालाच होता. हा वाद आमच्या ओटीपुरता नाही. झोपी गेलेली मालिका जागी करायची म्हणजे तिच्यातलं नेमकं काय परत आणायचं, या प्रश्नाचं ते एक टोक आहे.

संगणकावरच्या रोल-प्लेइंग गेमच्या या घराण्याचे पूर्वज बरेच जुने. ‘अल्टिमा’ आणि ‘विझर्ड्री’ १९८१ चे, ‘द बार्ड्स टेल’ १९८५ चा, ‘माइट अँड मॅजिक’ १९८६ चा. अल्टिमाचा नववा भाग १९९९ मध्ये आला, विझर्ड्रीचा आठवा २००१ मध्ये, माइट अँड मॅजिकचा नववा २००२ मध्ये आणि तिथे या मूळ मालिका थबकल्या. कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या, हक्क या हातातून त्या हातात फिरले. माइट अँड मॅजिकचं नाव २००३ मध्ये मालकाच्या दिवाळखोरीनंतर १३ लाख डॉलरला गेलं.

‘बाल्डर्स गेट’ यांच्या मानाने धाकटा. डिसेंबर १९९८ मध्ये तो पाच सीड्यांवर आला. आमच्याकडे त्या मुंबईहून यायला दोनेक वर्षं गेली. गेम एका प्रदेशातून दुसऱ्यात जाताना सीडी बदलायला सांगायचा. कोकणातल्या दोन पावसाळ्यांत आमच्या तिसऱ्या सीडीवर कडेकडेने झाडाच्या फांद्यांसारखी बुरशी चढली. ती मऊ फडक्याने आतून बाहेर पुसायची, ड्राइव्हमध्ये घालायची आणि घरघर थांबेपर्यंत श्वास धरून बसायचं. भारनियमनाच्या वेळा पाठ होत्या, त्यामुळे दिवे जायच्या आधी दहा मिनिटं सेव्ह करायची शिस्त सगळ्या मुलांना लागली.

त्या गेमची लढाई धावती होती. आपण सांगितलं की सहाही साथीदार एकदम हालायचे, शत्रूही हालायचे, आणि स्पेसबार दाबला की सगळं जिथल्या तिथे गोठायचं. मग निवांत विचार करून प्रत्येकाला काम वाटून द्यायचं आणि पुन्हा स्पेसबार. खेळणारे याला ‘रिअल-टाइम विथ पॉज’ म्हणतात. तेव्हा संगणकावर रिअल-टाइम स्ट्रॅटेजी गेमचा जोर होता, डाव घेत खेळायचे गेम मागे पडत चालले होते. धावत्या लढाईने मालिकेला तो वेग दिला.

पण हे नाव जितकं सरळ वाटतं तितकं नाही. गेमखालचे नियम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या दुसऱ्या आवृत्तीचे होते आणि ते नियम टेबलाभोवती बसून आळीपाळीने खेळण्यासाठी लिहिलेले. त्यांत काळ राउंडमध्ये, म्हणजे फेऱ्यांमध्ये, मोजतात. गेमने एक राउंड सहा सेकंदांचा धरला आणि प्रत्येक पात्राला स्वतःचा वेगळा राउंड दिला. त्यामुळे सगळ्यांची सुरुवात एकदम होत नव्हती. कुणाचा राउंड आता सुरू व्हायचा, कुणाचा अर्ध्यावर असायचा. एका राउंडमध्ये एक हल्ला मिळणाऱ्या योद्ध्याने तलवार उपसली की पुढचा खरा वार सहा सेकंदांनीच. मधे तो जे हात हलवायचा ते नुसतं दिसण्यापुरतं. मंत्र राउंडला एकच म्हणता यायचा. म्हणजे वरून पाणी वाहताना दिसत होतं आणि खाली डाव मोजले जात होते. सेटिंगमध्ये राउंड संपला की आपोआप थांबण्याचाही पर्याय होता. तो चालू ठेवून खेळणारे कितीतरी जण स्वतःला धावत्या लढाईचे पाईक म्हणवतात. आमचा चुलतभाऊ त्यांतलाच.

दुसरा भाग २००० मध्ये आला, त्याची पुरवणी २००१ मध्ये. तिसऱ्या भागाचा पहिला प्रयत्न वेगळ्याच कथेवर चालला होता, तो २००३ मध्ये रद्द झाला. प्रकाशकाच्या हातून परवाना सुटला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो तिसरा भाग करणारा त्याचा विभागही बंद पडला. मग नऊ वर्षं जवळजवळ शांतता. २०१२ मध्ये पहिल्या भागाची सुधारित आवृत्ती निघाली. २०१३ च्या मध्यात तीही कराराच्या भानगडीत काही आठवडे विक्रीतून काढावी लागली. २०१६ मध्ये पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधली कथा सांगणारी पुरवणी आली. जुन्या खेळाडूंनी तग धरला तो या आवृत्त्यांवर.

दरम्यान दोन वाटा फुटल्या होत्या. २०१२ मध्ये लोकवर्गणीतून सुमारे ४० लाख डॉलर जमवून ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ उभा राहिला. २०१५ मध्ये आलेल्या या गेमची लढाई जुन्या पद्धतीची, स्पेसबारवाली होती. बेल्जियमच्या एका स्टुडिओनेही लोकवर्गणीच काढली, पण त्याच्या ‘डिव्हिनिटी : ओरिजिनल सिन’च्या दोन भागांत, २०१४ आणि २०१७ मध्ये, लढाई सरळ डावागणिक ठेवली. जून २०१९ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ याच स्टुडिओकडे गेल्याचं जाहीर झालं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये खेळ पहिल्यांदा दाखवला गेला. त्यात लढाई टर्न-बेस्ड, म्हणजे डावागणिक, होती, साथीदार सहाऐवजी चार. तेव्हापासून भांडण जुंपलं आहे.

आक्षेप घेणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. पहिल्या भागातल्या नॅशकेलच्या खाणीत पावलोपावली कोबोल्ड हे छोटे राक्षस भेटतात. ती चकमक धावत्या लढाईत काही सेकंदांत उरकायची, खाण उतरण्याची लय तुटत नसे. तेच डावागणिक खेळायचं तर संध्याकाळ जाईल. नव्या गेमने म्हणूनच लढाया कमी आणि प्रत्येक लढाई मोठी, रचलेली अशी मांडणी केली. खाण उतरण्याची ती लय त्यात गेली, हे मान्य केलंच पाहिजे.

तरीही निर्णय बरोबर होता असं माझं ठाम मत आहे. मालिकेचा गाभा नियमांत होता आणि नव्या गेमने ते नियम, आता पाचव्या आवृत्तीचे, वर उघड्यावर आणले. फासा पडताना दिसतो, कुणाचा डाव आहे ते दिसतं, फसलेला वार का फसला ते कळतं. १९९८ मध्ये हेच सगळं एका कोपऱ्यातल्या मजकुराच्या चौकटीत सरकत जायचं आणि निम्मे खेळाडू ते वाचत नव्हते. खुद्द दुसऱ्या वाटेवरच्यांनाही हे पटलेलं दिसतं : ‘पिलर्स’च्या दुसऱ्या भागात २०१९ च्या सुरुवातीला टर्न-बेस्ड पद्धत मागाहून घालण्यात आली.

सावंतवाडीच्या गंजिफाकडे बघताना मला हेच खुपतं. राजघराण्याने १९७० च्या दशकात ती कला उचलून धरली म्हणून दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते आजही तिथे हाताने रंगवले जातात. घराघरांत ते फ्रेम करून लावलेले दिसतात. डाव मांडून बसणारे मात्र क्वचित भेटतात. चित्र परत आलं, खेळ मागे राहिला.

याच्या नेमकं उलट काम ‘विझर्ड्री’च्या पहिल्या भागाचं झालं. मे २०२४ मध्ये पूर्ण झालेली त्याची नवी आवृत्ती १९८१ च्या मूळ कोडवरच बेतलेली आहे. वर नवी त्रिमितीय गुहा, नवे राक्षस, आणि हवं तर पडद्यावर एका चौकटीत ॲपल टू या जुन्या संगणकावरचा मूळ खेळ, आपल्याच पावलाबरोबर पाऊल टाकत चाललेला. पुतण्याने ती चौकट पहिल्या दिवशी बंद केली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून उघडली. वर वार चुकला की खाली कुठला आकडा आला ते त्याला बघायचं होतं.

‘बाल्डर्स गेट ३’मध्ये कथा शंभरहून अधिक वर्षं पुढे सरकली आहे. जाहेरा आणि मिन्स्क हे जुने साथीदार त्यात भेटतात, पण बऱ्याच उशिरा. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या सोहळ्यात त्याला वर्षातला सर्वोत्तम गेम ठरवण्यात आलं. मार्च २०२४ मध्ये बेल्जियमच्या स्टुडिओने सांगून टाकलं की पुरवणीही नाही आणि चौथा भागही आपण करणार नाही. नाव आहे ते खेळणी आणि बोर्डगेम करणाऱ्या अमेरिकी कंपनीकडे, म्हणजे पुढच्या वेळी पहिला डाव तिचा.