म्हसे, जिव्या सोमा

(१९३४ – १५ मे २०१८). वारली या आदिवासी जमातीतले चित्रकार. आडनाव ‘मशे’ असेही लिहिले जाते. जन्म तलासरी तालुक्यातील धामणगावचा; आयुष्य गेले ते डहाणू तालुक्यातील गंजाडला. दोन्ही तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. विधीखेरीज, रोजचे काम म्हणून चित्र काढणाऱ्या वारली पुरुषांत म्हसे पहिले मानले जातात. त्यांना चित्रकला कोणी शिकवली नाही. लहानपणी आईवेगळे झाल्यावर त्यांनी बोलणेच सोडले आणि बरीच वर्षे जे सांगायचे ते धुळीत बोटाने काढून सांगितले. पुढे शेतमजुरी केली.

त्यांचे वेगळेपण कळायला आधी लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचे चौकोनी विधीचित्र, समजून घ्यावा लागतो. वारली चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. तो लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. लिहायचा मान सवाशिणींचा, आणि गाणी म्हणत विधी चालवणारी धवलेरीही बाईच. चौकात मधोमध सुफलतेची पालघट देवी, चारी बाजूंनी नक्षीच्या पट्ट्या, आणि शेजारच्या लहान चौकात पाच शिरांचा पंचशिऱ्या देव. बाहेरच्या मोकळ्या जागेत झाडे, गुरे, ताडावर चढणारा माणूस, वरात. पुढच्या सारवणात हे सगळे बुजते, आणि बुजले म्हणून कोणी हळहळत नाही. म्हसे यांनी नेमकी ही चौकाबाहेरची जागा घेतली आणि तिचे पूर्ण चित्र केले. देवीचा चौक त्यांच्याही कामात येतो, पण त्यांचा जीव रमला तो भाताच्या लावणीत, मासेमारीत, वारुळात आणि नाचात.

१९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी हस्तकला मंडळाच्या कामासाठी या भागात आले. बिहारच्या दुष्काळात मिथिलेतल्या, भिंतींवर चित्रे काढणाऱ्या बायकांच्या हाती कागद देण्याचे काम त्यांनी आधी केलेले होते. इथे त्यांनी तपकिरी कागद आणि पांढरा रंग वाटला. बायका संकोचल्या; म्हसे मात्र एकामागून एक कागद भरत गेले. १९७५ साली मुंबईत केमोल्ड कलादालनात त्यांचे प्रदर्शन झाले आणि १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कुलकर्णींचे श्रेय मोठे आहे, पण ते कागद पोहोचवण्याचे आणि चित्र ओळखण्याचे. हात आधीपासून तयार होता.

वारली चित्रातला माणूस म्हणजे टोकाला टोक जुळलेले दोन त्रिकोण, वर गोल डोके, काडीसारखे हातपाय. बाईच्या डोक्याला अंबाड्याचा छोटा ठिपका. खरी मेख कमरेच्या त्या एका बिंदूत आहे. वरचा त्रिकोण खालच्याच्या मानाने जरा कलला की माणूस चालू लागतो, जास्त कलला की वाकून भाताची लावणी करतो. पट्टी लावून दोन्ही त्रिकोण एकाच उभ्या रेषेत आखले की तो खांबासारखा उभा राहतो. नवशिक्यांचे चित्र निर्जीव दिसते ते यामुळेच. म्हसे यांची रेघ कुठेच ताठ नाही. ती बारीक थरथरते, मधेच तुटून ठिपक्यांची होते आणि पुन्हा जुळते, त्यामुळे स्थिर झाडही वाऱ्यात असल्यासारखे वाटते. त्यांच्या चित्राला क्षितिज नसते. शेत वरून पाहिलेले, बैल बाजूने पाहिलेला, घर आतून-बाहेरून एकदमच.

त्यांचे मासेमारीचे जाळे जवळून पाहण्यासारखे आहे. फेकलेले जाळे जवळजवळ सगळा कागद व्यापते. शेकडो बारीक घरे, आणि एक घर दुसऱ्यासारखे नाही: मध्याकडे दाट, कडेला विरळ, मासा अडकला तिथे ताणलेले. जाळे टाकणारा माणूस मात्र एका कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढा. रेषा एवढ्या दाट असूनही कुठे गिचमीड होत नाही, कारण दोन रेषांमधली मातकट जागा म्हसे रेषेइतक्याच काळजीने राखतात. तारप्याच्या नाचातही हेच दिसते. मध्ये वाळलेल्या दुधीचा, बांबूच्या नळ्यांचा आणि ताडपानाच्या कर्ण्याचा तारपा वाजवणारा. त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून उलगडत जाणारी रांग. कपबशा-कुर्त्यांवर छापल्या जाणाऱ्या नाचात हातांची ही गुंफण सुटलेली असते आणि सगळे नाचणारे एका मापाचे असतात. म्हसे यांच्या रांगेत प्रत्येकाचा तोल निराळा.

साहित्य साधे. भिंत कारवीच्या कुडाची, माती-शेणाने लिंपून वर गेरूचा हात दिलेली. पांढरा रंग भिजवलेले तांदूळ वाटून, पाणी आणि डिंक घालून करतात. ओला असताना तो जेमतेम दिसतो आणि सुकल्यावर उजळतो. म्हणून घाईने दुसरा हात दिला की रेघ जाड होऊन बसते. डिंक कमी पडला तर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर रेघ चकाकते आणि पुढे तडकते. पावसाळ्यात वाटण एका रात्रीत आंबते, तेव्हा लागेल तेवढेच वाटावे. ब्रश म्हणजे बांबूची काडी, टोक चावून तंतू मोकळे केलेली. टोक जास्त चावले तर रेघ पसरते.

कागद-कापडावर म्हसे यांनी बऱ्याचदा शेणाची जमीन, म्हणजे चित्राखालचा लेप, वापरली आणि तिच्यावर तयार पांढरा रंग. कापडाची खळ आधी धुऊन काढतात, नाहीतर शेण धरत नाही. शेण पाण्यात कालवून गाळतात, डिंक मिसळून पातळ हात देतात, पूर्ण वाळल्यावर दुसरा. एकाच जाड हाताने काम उरकले तर पोपडे निघतात. या जमिनीला हिरवट-करडा, शेतमातीसारखा रंग येतो. तिच्यावर पांढरी रेघ गेरूवरच्यापेक्षा मऊ दिसते. असे चित्र घडी घालून ठेवू नये, घडीच्या रेषेवर जमीन सुटते. चित्राची बाजू बाहेर ठेवून रुंद नळकांड्यावर सैल गुंडाळावे आणि दमट भिंतीपासून दूर ठेवावे. शेण आणि तांदूळ दोन्हीला बुरशी व कसर लागते.

१९८९ साली पॅरिसमधल्या पाँपिदू केंद्राच्या ‘धरतीचे जादूगार’ या अर्थाच्या नावाच्या गाजलेल्या प्रदर्शनात गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम आणि मिथिलेच्या चित्रकार बौआ देवी यांच्याबरोबर म्हसे यांचीही चित्रे होती. २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांच्या कामाशेजारी त्यांची चित्रे मांडली गेली. हा जोड अर्थपूर्ण होता: एक चालून जमिनीवर रेघ उमटवणारा, दुसरा धुळीत काढता काढता घडलेला. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

सदाशिव आणि बाळू ही त्यांची मुलेही चित्रकार आहेत. आज डहाणू-तलासरी पट्ट्यात असंख्य पुरुष वारली चित्रे करून पोट भरतात, त्यांत आगगाडी, विमान, मोटारीही आल्या आहेत. लग्नाचा चौक मात्र अजून सवाशिणीच लिहितात.