ड्रायर फिरतो, पण कपडे ओलेच

गॅसचा ड्रायर ‘बिघडला’ असं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा तो चालू असतो. बटण दाबलं की ड्रम फिरतो, पंखा घरघरतो. तासाभराने दार उघडलं की मात्र टॉवेल थंडगार आणि ओले. न्यू जर्सीच्या किंवा शिकागोच्या हिवाळ्यात, जिथे बाहेर दोरी बांधायला वसाहतीचे नियमही बऱ्याचदा आडवे येतात, तिथे हा बिघाड घरच्यांना चांगलाच जाणवतो. मग कोणीतरी सांगतं, ‘इग्नायटर (गॅस पेटवणारा भाग) गेला असेल, बदलून टाका.’ नवा इग्नायटर येतो, बसतो, आणि दोन दिवसांनी टॉवेल पुन्हा ओले. हा खर्च टाळता येतो. बर्नरकडे दोन-तीन मिनिटं नीट पाहिलं, तर कुठला भाग दगा देतोय हे बहुतेक वेळा तिथेच कळतं.

आधी थोडा हिशेब. वॉशरमधून पिळून निघालेल्या मोठ्या लोडमध्ये साधारण तीन लिटर पाणी उरलेलं असतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे २.४ मेगाज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे तीन लिटरना ७.२ मेगाज्यूल. घरगुती ड्रायरचा बर्नर तासाला २०,००० ते २२,००० बीटीयू, म्हणजे सहा किलोवॉटच्या आसपास उष्णता देतो. सगळी उष्णता पाण्यालाच मिळाली असती, तर वीस मिनिटांत काम झालं असतं. कापड, ड्रम आणि बाहेर जाणारी हवा यांचा वाटा धरून पाऊण तास लागतो. बर्नर पेटला नाही तर मशीनमध्ये उरते ती मोटरची काहीशे वॉट शक्ती. तेवढ्यावर कपडे फक्त घुसळले जातात.

मशीन उघडण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. सेटिंग चुकून ‘एअर फ्लफ’वर, म्हणजे बिनउष्णतेच्या फेरीवर, गेलेलं नाही ना? ड्रायरमागचा गॅसचा कॉक उघडा आहे ना? दांडा पाइपला समांतर असेल तर कॉक उघडा, आडवा असेल तर बंद. घरातली गॅसची शेगडी पेटते ना? आणि ड्रायर चालू असताना घराबाहेरच्या झडपेतून जोरात हवा येते ना? आणखी एक खूण आहे. गोल फिरणाऱ्या टायमरच्या जुन्या मशीनवर ‘ऑटो ड्राय’, म्हणजे कपडे सुकले की आपोआप थांबणारी फेरी, लावली आणि टायमर एकाच जागी अडकून मशीन चालतच राहिलं, तर टायमर बिघडला असं लोक समजतात. पण बऱ्याच मॉडेलांत आतली हवा पुरेशी तापून थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानावर उघडमिट होणारा स्विच, उघडला, तरच तो टायमर पुढे सरकतो. उष्णताच नसेल तर तो सरकणार कसा?

गॅसचा वास येत असेल, तर मात्र यातलं काहीही करायचं नाही. दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही. सगळ्यांनी घराबाहेर पडायचं आणि बाहेरूनच गॅस कंपनीला किंवा ९११ला फोन करायचा.

आता आत. व्हर्लपूल, केनमोर, मेटॅग यांच्या अनेक जुन्या मशीनांत खालची पट्टी दोन क्लिपांवर बसवलेली असते. फटीत पुट्टी लावायची पातळ पाती घालून क्लिपा दाबल्या की ती निघते. इतर मशीनांत समोरचं पॅनेल काढावं लागतं. हे काम ड्रायरचा प्लग काढून करायचं. याच वेळी आत घडी घालून ठेवलेला टेक शीट नावाचा कागद शोधा. तो बहुधा पट्टीमागे किंवा वरच्या कंट्रोल पॅनेलच्या आत असतो. तुमच्या मॉडेलचं वायरिंग आणि प्रत्येक भागाच्या विद्युत रोधाचे, म्हणजे ओहमचे, नेमके आकडे त्यावर छापलेले असतात.

प्लग पुन्हा लावा, हात दूर ठेवा, खोलीतला दिवा मंद करा आणि मशीन सुरू करा. निरोगी ड्रायरमध्ये आधी मोटर वेग घेते. मग बर्नरच्या नळीजवळ इग्नायटर तापून नारिंगी-पांढरा होतो. अर्ध्या ते एका मिनिटात ‘टक्’ असा आवाज येतो, लगेच निळी ज्योत भसकन पेटते आणि इग्नायटर विझतो. ड्रम पुरेसा तापला की ज्योत बंद होते, हवा निवली की पुन्हा हाच क्रम.

या क्रमामागची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. गॅसच्या वाटेवर एकामागे एक दोन झडपा असतात आणि त्या उघडायला विजेच्या कॉइल. सुरुवातीला पहिलीच झडप उघडते. दुसरीच्या कॉइलला समांतर एक छोटा सेन्सर जोडलेला असतो. त्याचे संपर्क जुळलेले असेपर्यंत वीज कॉइलला वळसा घालून सेन्सरमधून थेट इग्नायटरकडे जाते. इग्नायटर लाल-पांढरा तापला की त्याच्या किरणांनी सेन्सरचे संपर्क उघडतात. आता विजेला दुसऱ्या कॉइलमधूनच जावं लागतं, ती झडप उघडते आणि गॅस बाहेर येतो. कॉइलचा रोध हजार ओहमच्या वर असल्याने इग्नायटरला मिळणारा प्रवाह एकदम घटतो आणि तो विझतो. थोडक्यात, पेटवणारं टोक तापलं याची खात्री होईपर्यंत गॅस सुटत नाही. मिथेनला स्वतःहून पेट घ्यायला ५४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, आणि हा इग्नायटर हजार अंशांच्या घरात जातो. न पेटलेला गॅस ड्रममध्ये साठला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

हा क्रम डोळ्यांसमोर असला की तो कुठे तुटतो ते दिसतं.

इग्नायटर अजिबात तापत नसेल, तर दोष इग्नायटरमध्ये, सेन्सरमध्ये किंवा त्यांच्यापर्यंत वीज नेणाऱ्या थर्मोस्टॅटमध्ये आणि थर्मल फ्यूजमध्ये (फार तापलं की वीज कायमची तोडणाऱ्या भागात) शोधा. इग्नायटर तापतो आणि विझायचं नावच घेत नाही, टक् आवाजही येत नाही: सेन्सरचे संपर्क चिकटलेत, सेन्सर बदला. इग्नायटर तापतो, विझतो, पण ज्योत येत नाही, आणि मिनिटभराने तो पुन्हा तापतो: आधी कॉक पाहा, तो उघडा असेल तर जवळजवळ नक्की कॉइल. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे पहिल्यांदा सगळं व्यवस्थित पेटतं, दहा-पंधरा मिनिटं कपडे तापतात आणि पुढे ज्योत परत येतच नाही. असे कपडे कोमट आणि दमट निघतात. हाही कॉइलचाच रोग.

कॉइल म्हणजे केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर्षानुवर्षं तापून-निवून त्या तारेत कुठेतरी बारीक तडा जातो. थंड असताना तडा मिटलेला असतो, गरम झाल्यावर तार आणि भोवतालचं प्लास्टिक वेगवेगळ्या प्रमाणात फुगतं आणि तडा उघडतो. शिवाय तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल साठ अंशांनी तापली, तर तो जवळजवळ चौथा हिस्सा वाढतो, प्रवाह घटतो आणि झडप उचलणारं चुंबकही दुबळं पडतं. म्हणूनच थंड मशीनवर मल्टिमीटर (रोध मोजणारं यंत्र) लावून ‘कॉइल ठीक आहे’ म्हणणं धोक्याचं. व्हर्लपूलच्या सामान्य रचनेत तीन टोकांच्या कॉइलवर एका जोडीत १३५०-१४०० आणि दुसऱ्या जोडीत ५५०-५७० ओहम, तर दोन टोकांच्या कॉइलवर १२००-१३०० ओहमच्या आसपास आकडा मिळतो. आकडा चुकीचा असेल तर कॉइल गेली, हे खरं. पण बरोबर असेल तर ती चांगली आहे, असं सिद्ध होत नाही. इथे मीटरपेक्षा डोळ्यांवर भरवसा ठेवा.

दोन्ही कॉइल जोडीनेच बदलाव्यात. एक म्हातारी झाली असेल, तर दुसरीचंही वय तेच आहे. व्हर्लपूल गटाच्या अनेक ड्रायरना २७९८३४ क्रमांकाचा कॉइल-संच चालतो. मागवण्यापूर्वी आपल्या मॉडेलच्या यादीत तो आहे ना, ते तपासा. या कामातली दिलासा देणारी बाब म्हणजे कॉइल झडपेच्या बाहेरच्या खुंटांवर बसतात, त्यामुळे गॅसची वाट उघडावी लागत नाही. प्लग काढा, कॉक बंद करा, वायरींचे फोटो घ्या, वरच्या पट्टीचे दोन स्क्रू सोडवा, कॉइल उचला, नव्या बसवा. खुद्द झडप किंवा पाइपचा जोड खोलायची वेळ आली, तर ते काम परवानाधारक माणसाचं.

इग्नायटर तपासताना प्लग काढून त्याची वायर सोडवा आणि ओहम मोजा. थंड इग्नायटरवर साधारण ५० ते ४०० ओहम दिसतात. अनंत रोध दाखवला, तर तो तुटला. तडा इतका बारीक असू शकतो की नजरेला दिसतही नाही. नवा बसवताना चिनीमातीच्या बैठकीलाच धरा. काळसर भाग फार ठिसूळ असतो आणि बोटांचं तेल त्याला चालत नाही. सेन्सर, थर्मोस्टॅट आणि थर्मल फ्यूज थंड असताना शून्याच्या जवळ ओहम दाखवायला हवेत. काही मॉडेलांत थर्मल फ्यूज गेला की मोटरच सुरू होत नाही, काहींत फक्त उष्णता जाते.

थर्मल फ्यूज उडालेला सापडला, तर नुसता नवा लावून थांबू नका. बऱ्याच मशीनांत तो ९१ अंश सेल्सिअसला उडतो आणि पुन्हा जुळत नाही. हवा तेवढी तापली, म्हणजे बहुधा तिला बाहेर जायला वाट मिळाली नव्हती. फ्यूजला वळसा घालून वायर जोडणं तर कधीच नको. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० या काळाच्या आकडेवारीनुसार घरांमध्ये वर्षाला सुमारे २,९०० आगी ड्रायरमधून लागत, आणि त्यांचं पहिल्या क्रमांकाचं कारण होतं सफाई न करणं.

गॅसच्या ड्रायरमध्ये व्हेंटचा, म्हणजे हवा घराबाहेर नेणाऱ्या नळीचा, प्रश्न आणखी गंभीर आहे. ज्योतीतून निघणारे वायू हवेबरोबर थेट कपड्यांमधूनच फिरतात आणि त्याच नळीने बाहेर जातात. नळी तुंबली किंवा सुटली, तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने जे जीव जातात, ते याच वायूमुळे. म्हणून नळी काढून ‘आता तापतो का पाहू’ हा प्रयोग गॅसच्या ड्रायरवर करू नये, आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असायलाच हवा.

नळी चार इंच व्यासाची, कडक आणि गुळगुळीत धातूची असावी. पांढरी प्लास्टिकची नळी असेल तर काढून टाका. घरबांधणीच्या सर्वसाधारण नियमावलीत लांबीची मर्यादा ३५ फूट आहे, आणि प्रत्येक काटकोनी वळणामागे त्यातले पाच फूट वजा धरतात. जोडांवर आत घुसणारे स्क्रू नकोत, त्यांना लिंट, म्हणजे कपड्यांचे सुटलेले तंतू, अडकून गोळा होतो. कापडी टेपऐवजी धातूची फॉइल टेप लावा. बाहेरच्या झडपेवर पाखरांसाठी जाळी बसवली असेल, तर तीही काढा, कारण काही महिन्यांत ती लिंटने लिंपून जाते. लिंटची चाळणी प्रत्येक लोडनंतर साफ करायचीच. कपडे मऊ करायला ड्रममध्ये टाकतात ती ड्रायर शीट तुम्ही वापरत असाल, तर कधीतरी चाळणीवर नळाचं पाणी सोडून पाहा. पाणी खाली न झिरपता वर तरंगलं, तर त्या शीटचा मेणचट थर बसला आहे. साबण आणि मऊ ब्रशने तो निघतो.

घर बदलून ड्रायर नैसर्गिक वायूच्या घरातून प्रोपेनच्या घरात नेला असेल, तर त्याचं छिद्र, म्हणजे ऑरिफिस, बदलल्याशिवाय तो पेटवू नका. तेवढ्याच घनफळात प्रोपेनमध्ये अडीचपट ऊर्जा असते.

दुरुस्तीनंतर पॅनेल लगेच बंद करायची घाई नको. ओला लोड घालून मशीन अर्धा तास चालवा आणि ज्योत तीन-चार वेळा विझून पुन्हा पेटते ना, ते पाहा. कॉइलचा दोष नेमका दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत उघडा पडतो.